मेडशीच्या उंबरठ्याची मोहीम

श्री. ऐकणारांचे गुडघे शाबूत राहोत. शके अठराशें एकावन्नीं, माघ मासीं, वऱ्हाड प्रांतीं, मौजे मेडशी येथें उंबरठ्यावरून जें थोर युद्ध जाहलें, त्याची साद्यंत हकीकत ऐसीजे.

गोजराबाई मोठ्या मातबर सुईण. गांवची निम्मी रयत त्यांचेच हातीं जन्मास आली. परंतु वय सत्तरीपार गेलें, गुडघे फितूर जाहले, आणि दारचा वीतभर उंच सागवानी उंबरठा गनीम होऊन बसला. दिवाळीपासून बाई त्यावर दोनदां कोसळल्या. हें वर्तमान चिरंजीव जगदेवराव, जे रिसोडीं धान्याचा व्यापार करून होते, त्यांस कळलें आणि ते दमणी जुंपून दाखल जाहले, मग फर्मान सुटलें कीं, "माय, आता काई आयकत नाई. गाठोडं बांध, रिसोडले चाल."

बाईंस हें मानवेना. रिसोडीं लेकाचें बिऱ्हाड माडीवर. तेथें ना आपली चूल, ना दारांतून हाक मारणारें माणूस. त्यांनीं अन्न वर्ज्य केलें, आणि मग तह ठरला कीं, उंबरठा कापावा, बाईंनीं एकटीनें ओलांडून दाखवावा, न साधल्यास मुकाट दमणींत बसावें.

वहाब मिस्त्री करवत, वाकस ऐसा सरंजाम घेऊन चालून आले. करवत पाहतांच बाईंस स्मरलें कीं, याच लाकडावरचें माप लवंडून आपण नवरी होऊन आंत आलों. आणि जन्मभर जिनें उंबरठ्यावर बसणारांस शिव्या घातल्या, तीच बाई त्यावर फतकल मारून बसली. हुकूम जाहला, "करवत लावाची असन त पयले माह्या मांडीले लाव." मिस्त्री बाईंचेच हातीं जन्मलेले. त्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें.

जगदेवराव संतापून बोलिले, "उंबरठा कापू देत नाई, पाय वर जात नाई, मंग काय घर वर उचलू?"

"उचल नं, बाबू. तुले कोनं अडवलं?"

लेकानें टोमणा मारिला, मायनें मसलत मानिली. वहाबांनीं गांवांत दवंडी पिटविली आणि बाईंचे हातचीं लेकरें मुरुमाच्या गाड्या घेऊन कुमकेस धांवलीं. अंगण भरलें, मग घर भरलें, मुरूम चोपावयास धुम्मस चाललें, सारवण जाहलें, आणि गनीम जागचे जागीं गळ्यापर्यंत पुरला गेला. बाई काठीविना, कोणाचा हात न धरितां आंतून बाहेर आल्या आणि बाहेरून आंत गेल्या. आनंदानें त्यांस रडूं फुटलें.

जगदेवराव पाहणीस मागोमाग निघाले. जमीन वीतभर चढली होती, चौकट मात्र जुन्याच जागीं. ती खाडकन कपाळीं बसली. बाई मुळांतच कमरेंत वाकलेल्या, त्यांस तिचा उपसर्ग नव्हता. त्यांनीं हळद आणिली, लेकाच्या टेंगळास लाविली आणि अखेरचें फर्मान काढिलें, "आता माह्या घरात याचं त वाकून यावं लागते."

दुसरे दिवशीं जगदेवराव दमणींत एकटेच बसून रिसोडास रवाना जाहले. मोहीम फत्ते. जखमी, कपाळ एक.