टाकव्याचा नवा पॅकेज मॅनेजर

"शेठ, एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं आणि निवांत चहा प्यायचा!" अबरार छाती फुगवून म्हणाला. टाकवे बुद्रुकमधल्या त्या गुलाबांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. बिलं आणि खोक्यांची लेबलं काढणाऱ्या सर्व्हरवर त्याला पॅकेज मॅनेजरने, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामने, नवं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवायचं होतं. "पॅकेज मॅनेजर स्वतःच सगळं आणतो, बसवतो, जुन्यांना काढून टाकतो. आणि तेही फुकट!"

मालक अमृतशेठ खूश झाले. दाराबाहेर पॅकिंगच्या प्रमुख कस्तुराबाई मात्र गुलाबांची जुडी धरून खांबासारख्या ताठ झाल्या. तशाच त्या शेडमध्ये धावल्या.

"बायांनो, नवा मॅनेजर येतुया! फुकट राबतो म्हनं! जुन्यांना काढनार!"

झालं! सगळे हात थांबले. बाहेर विमानतळाला जाणारा ट्रक हॉर्न मारतोय आणि आत व्हॅलेंटाइनच्या कळ्या बिनदिक्कत उमलतायत!

इकडे अबरारने एंटर मारलं, पण सर्व्हरवर आधीच दुसरं अपडेट चालू होतं. ते संपेपर्यंत मॅनेजर कशाला हात लावेना.

"हा जुना कुलूप लावून बसलाय!" अबरार खेकसला. "याला ठार मारल्याशिवाय नवा आत येणार नाही!"

नेमक्या तेव्हाच सगळ्या बायका दारात येऊन ठेपल्या होत्या. कस्तुराबाईंनी त्याची कॉलर धरली. "आरं अबरार, मानसं मारतूस व्हय?"

"मावशी, तो माणूस नाही!"

"मारनारा असंच म्हनतो!"

तोवर अबरारने चालू अपडेट मध्येच मारून टाकलं होतं. त्याच्याबरोबर बिलिंगही आडवं झालं. प्रिंटर कोरी लेबलं ओकू लागला. पडद्यावर प्रश्न आला. घाबरलेल्या अबरारने तो मोठ्याने वाचला, "चारशे पॅकेजं मोडलीत. काढून टाकू? हो की नाही?"

"न्हाई!" पत्रे हादरले. शेठनी घाईघाईने स्वतःच 'नाही' दाबलं.

लेबलं हाताने लिहून, अर्धवट उमललेले गुलाब घेऊन ट्रक कसाबसा निघाला. पण 'पॅकेज मॅनेजर: कस्तुराबाई' अशी पाटी लागल्यावरच बायका कामाला बसल्या होत्या.

मोडलेलं जुनं बिलिंग अबरारने मोठ्या खटपटीने उभं केलं. नवं अजून चढलेलं नाही. कॉम्प्युटरने काही काढू का विचारलं, की शेठच्या हुकमाने त्याला शेडमध्ये जावं लागतं.

"आता कुनाला काढतूस?" काटे काढता काढता कस्तुराबाई विचारतात.

अबरार पडेल आवाजात पॅकेजचं लांबलचक इंग्रजी नाव सांगतो.

"ऱ्हाऊ दे त्याला," त्या म्हणतात. "लांबनं आलेला दिसतूया बिचारा!"