एकाच तारखेच्या एक्केचाळीस फायली

गुरुवारी सकाळी दत्ताराम घागांचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. दोनदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा जरा प्रेमाने दाबलं. पण पडदा काळाच. रविवारी घाग कुटुंबाचा मेळावा होता आणि त्यात वाटायचं वंशावळीचं पुस्तक आजच छापायला द्यायचं होतं. सहा वर्षं खपून दत्तारामांनी गुहागरकडच्या अकरा पिढ्या जमवल्या होत्या. तरीही त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही.

"उर्मिला, माझा बॅकअप आहे," ते बायकोला म्हणाले आणि कपाटातून काळा ड्राइव्ह काढून खिशात घातला.

तीस वर्षं एका कंपनीच्या स्टोअरमधे काढलेला माणूस तो. वंशावळीत कुणी दुरुस्ती सुचवली की ती करायची आणि लगेच फाईलची एक प्रत ड्राइव्हवर ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. ज्याच्यामुळे दुरुस्ती झाली त्याचंच नाव प्रतीला. 'वंशावळ महिपत', 'वंशावळ नेहा', 'वंशावळ विमलाबाई'. तारीख ते लिहीत नसत. ती कॉम्प्युटर आपोआप टाकतो, मग आपण कशाला हात दुखवायचे?

रिक्षाने ते पेणकरपाड्याला अभिनवच्या प्रेसमधे पोचले. अभिनवने ड्राइव्ह जोडला.

"काका, यात तर भरपूर फायली आहेत. कुठली घेऊ?"

"तारखेप्रमाणे लाव आणि सगळ्यात वरची घे. शेवटची तीच."

अभिनवने वरची घेतली. तासाभरात पानं लावून त्याने नमुना प्रत मोबाइलवर पाठवली. दत्तारामांनी तिथेच उभं राहून ती अभिमानाने घागांच्या ग्रुपवर टाकली आणि चहा मागवला.

चहा येण्याआधी फोन आला. महिपत घाग, वय अठ्ठ्याहत्तर, दत्तारामांचे थोरले चुलतभाऊ.

"दत्ता, मी कधी वारलो रे?"

"काय बोलताय दादा?"

"पान चौदा बघ. कैलासवासी महिपत गोविंद घाग. मी आत्ता डोंगरीच्या बसमधे आहे, खिडकीत बसलोय. मागे एकदा तू मारलंस तेव्हा मी गप्प बसलो. आता दुसऱ्यांदा?"

दत्तारामांनी पान चौदा काढलं आणि घाम पुसला. ही चूक तर त्यांनी महिन्यापूर्वीच सुधारली होती. तेवढ्यात पुण्याहून पुतणीचा, नेहाचा फोन.

"काका, दिपेश माझा नवरा आहे. तुम्ही त्याला माझा भाऊ केलाय! आणि सासूबाई चष्मा लावून वाचतायत."

ही चूकही सुधारलेली होती. पुढच्या वीस मिनिटांत घागांच्या तीन घरांतली थोरली-धाकटी उलटसुलट झाल्याचं कळलं आणि एक आजोबा आपल्याच वडिलांच्या आधी जन्मल्याचं उघडकीला आलं. दत्तारामांनी ग्रुप बंद केला नाही, हे त्यांचं धैर्य. फक्त मोबाइल उलटा ठेवला.

"काका, चार वाजेपर्यंत बरोबर फाईल द्या," अभिनव म्हणाला. "त्यानंतर मशीनवर दुसरं काम चढतंय. मग रविवारचं माझ्या हातात नाही."

घरी परतताना त्यांनी गल्लीतल्या सुचेताला फोन केला. सुचेता कॉम्प्युटर दुरुस्त करते. गोडदेवमधे जे यंत्र दुकानदार भंगारात काढायला सांगतात ते ती चालू करून देते. लॅपटॉप आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती बाराला हजर झाली. कॉम्प्युटर उघडून तिने आत फुंकर मारली, काहीतरी हुंगलं.

"काका, हार्डडिस्क गेली. ती आज काही बोलणार नाही. पण हे बघा." तिने बोटाच्या पेरावर बटणाएवढा चपटा सेल धरला. "हा कधीच संपलाय. रोज काम झालं की तुम्ही प्लग काढता ना?"

"काढतो. वीज सांडू नये म्हणून."

"प्लग काढला की हा सेल कॉम्प्युटरचं घड्याळ चालवतो. हाच मेलाय. म्हणजे रोज सकाळी तुमचा कॉम्प्युटर उठतो ते एक जानेवारी दोन हजार दहाला. इंटरनेट लावलं असतं तर घड्याळ त्याने सुधारलं असतं."

"इंटरनेटमधून व्हायरस येतात." दत्तारामांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "कोपऱ्यातलं घड्याळ चुकतंय ते मी बघितलं होतं. पण हातात घड्याळ असताना तिकडे कोण लक्ष देतो?"

"फाईलने दिलं ना! तिला स्वतःला वेळ कळत नाही. कॉम्प्युटर सांगतो ती तारीख ती मुकाट्याने लिहून घेते." सुचेताने ड्राइव्ह जोडून यादी दाखवली. वरच्या फायली दोन महिन्यांपूर्वीच्या होत्या, सेल जिवंत असतानाच्या. त्यानंतरच्या एक्केचाळीस फायली तळाला जाऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांवर एकच तारीख होती. "खोटं काहीच नाही यात. सांगितलं तेवढं ड्राइव्हने इमानाने जपलंय. एक बाईटसुद्धा हरवला नाही."

"पण यातली शेवटची कुठली?"

"वेळेवरून नाही कळणार. तुम्ही कधी दहा मिनिटांत काम उरकलंत, कधी दोन तास लावलेत. आकारावरून बघू?"

सगळ्यात मोठी फाईल उघडली. त्यात महिपत जिवंत होते, पण दिपेश अजून भाऊच होता. तीनशे पानांच्या एक्केचाळीस प्रती आणि प्रत्येकीत एखाद्या ओळीचा फरक. दत्तारामांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला.

"सहा वर्षं, सुचेता. माझ्या हाताने लिहिलंय आणि मलाच आठवत नाही."

उर्मिला जमिनीवर बसून वाल सोलत होत्या.

"नावं वाचा बघू," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"फायलींची. फोन तर मीच उचलायचे ना?"

सुचेता नावं वाचू लागली. उर्मिलाबाईंची बोटं वाल सोलतच होती.

"महिपतदादांचा फोन आला तेव्हा गच्चीवर पापड होते. त्यानंतर संपदा; तिच्या नातीचं बारसं होतं, सोळा तारीख. नेहा त्याच्यानंतर, मंगळवारी, मी उपास सोडत होते. यतीन दोनदा बोलला, पहिल्यांदा चुकीचं. हंसावन्सं आल्या त्या दिवशी पाणी नव्हतं."

सुचेता कागदावर आकडे टाकत गेली. मधेच तिने पडताळा घेतला: संपदाची फाईल उघडली, तर महिपत जिवंत आणि नात हजर, नेहाची उघडली, तर नात हजर आणि दिपेश नवरा. पाच जागी तपासलं, पाचही बरोबर. तिने पेन खाली ठेवलं.

"काकी, असं यंत्र मी अजून पाहिलं नाही."

"शेवटचा फोन विमलाबाईंचा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात. कुकरची तिसरी शिटी होत होती."

'वंशावळ विमलाबाई' उघडली. सगळे घाग आपापल्या जागी होते. सव्वातीनला फाईल अभिनवकडे पोचली.

रविवारी हॉल भरला. दत्तारामांनी टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे रचले आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. पुस्तक सगळ्यांनी घेतलं, चाळलं, डोक्याला लावलं. पण आमंत्रणावरून आलेल्या सुचेताने गुरुवारची ती हकीकत जेवणाच्या पंगतीत कुणाला तरी सांगितली होती. थोड्याच वेळात उर्मिलाबाईंच्या खुर्चीसमोर घागांची रांग लागली. कुणाला आजीचं माहेर हवं होतं, कुणाला थोरल्या काकांच्या मुंजीचं साल. कुणीही पान उलटत नव्हतं.

दत्ताराम थोडा वेळ गठ्ठ्याशेजारी एकटेच बसले. मग उठले, एक पुस्तक आणि पेन घेतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. वीस मिनिटांनी त्यांचा नंबर लागला.

"तुमचं काय?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"माझी दापोलीची आत्या," पुस्तक उघडत ते म्हणाले. "तिच्या सासऱ्यांचं नाव राहिलंय. जरा सावकाश सांगा."