चरणसेवेसाठी मळके पाय

सेवा घडायची तर दोन पक्ष लागतात : करणारा आणि करून घेणारा. पैकी पहिल्याची जगात कधीच टंचाई पडलेली नाही. दुसरा मात्र जपून वापरावा लागतो.

आमचा आश्रम रस्त्यावरच्या निराधार लेकरांसाठी परदेशातील एका ख्रिस्ती मंडळीने काढला. मी तिथला व्यवस्थापक. मुले अठरा आहेत. दर पंधरवड्याला परदेशातून स्वयंसेवकांची तुकडी येते, ती सत्तर जणांची. म्हणजे एका मुलामागे जवळजवळ चार माणसे. इतकी माणसे राजपुत्राच्याही दिमतीला नसतात, आणि तो तर निराधारसुद्धा नसतो.

तुकडी सोमवारी मुलांची नखे कापते. मंगळवारीही कापते. बुधवारी नखेच उरत नाहीत, तेव्हा भोजनगृहाची भिंत रंगवायला घेतात. (तिच्यावर रंगाचे इतके थर चढले आहेत की खिडकी आता लागत नाही. हवा खेळती राहते.)

पण सप्ताहाचा कळस म्हणजे शुक्रवारची चरणसेवा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे स्वयंसेवकांनी गुडघे टेकून लेकरांचे पाय धुवायचे. कल्पना थोर आहे. आजवर एकही पाहुणा कोरड्या डोळ्यांनी उठलेला नाही. अडचण एकच आली : धुतल्याने पाय स्वच्छ होतात. योजना आखताना हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. एका तुकडीतल्या निवृत्त दंतवैद्य बाईंनी पाय धुऊन घमेल्यात पाहिले आणि त्या दुखावल्या स्वरात म्हणाल्या, "पाणी होतं तसंच आहे." इतक्या लांबून विमानाने आलेल्या माणसाला असे पाणी दाखवणे बरे नव्हे.

तेव्हापासून शुक्रवारी सकाळी 'पाय मळवण्याचा तास' असतो. माळी मागच्या अंगणात पाणी मारतो, मुले खेळतात. पादत्राणे सक्त वर्ज्य. चिखल घोट्याच्या वर जाता कामा नये, कारण कपडे इस्त्रीचे असतात. जे मूल आपण होऊन पाय धुईल त्याला दुपारचे गोड मिळत नाही.

या बाबतीत आमची शान म्हणजे भिंगरी. वय आठ, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. रस्त्यावर असताना टाचांना पडलेल्या भेगा अजून भरलेल्या नाहीत, त्यामुळे माती छान धरून राहते. परदेशी मंडळीच्या दिनदर्शिकेवर तिचेच पाय आहेत. (चेहऱ्याला जागा पुरली नाही.) कार्टीला नाद एकच.

"काका, मला बूट कधी?"

"शनिवारी बघू हं."

कोणत्या शनिवारी ते मी कधी सांगितले नाही. मुलांशी खोटे बोलू नये, असा आमचा नियम आहे.

मध्यंतरी एका शुक्रवारी ऐन चरणसेवेच्या वेळी काखेत पुडके मारून एक बाई कचेरीत आली. भिंगरीची मावशी. शिवणकाम करणारी. बहीण वारली तेव्हा हिला स्वतःलाच रात्री कारखान्यात शिलाई यंत्राखाली अंग टाकावे लागत होते. आता भाड्याची खोली मिळाली होती.

"पोरीला न्यायला आलेय," ती म्हणाली.

आमचे धर्मगुरू पाळकसाहेब मायाळू माणूस. "बसा ताई. प्रभूची इच्छा असेल तर पुढच्या महिन्यात बघू."

"प्रभूला मी विचारून आलेय. त्याची काही हरकत दिसली नाही. तुमचं काय ते सांगा."

"तसं नाही हो. आमच्या अहवालात ती निराधार आहे."

"मग अहवालाला सांगा, आधार आला."

पाळकसाहेबांनी यादी पुढे केली. "निदान आजचा दिवस तरी राहू द्या. तिच्या पायांसाठी नऊ जणांनी नावं दिली आहेत."

"नऊ? पाय दोनच आहेत ना तिला अजून?" असे म्हणून मावशी थेट सभागृहात शिरली. आम्ही मागून.

घमेली मांडलेली. एका तुकडीबरोबर भागले नाही म्हणून दंतवैद्य बाई पुन्हा आल्या होत्या आणि भिंगरीपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थनेत होत्या. त्यांचे डोळे उघडेपर्यंत मावशीने घमेले आपल्याकडे ओढले होते.

"काय गं हे? चिखलात लोळतेस? एवढी मोठी घोडी झालीस, पाय धुवायची अक्कल नाही?" बडबडत तिने टाचा खसाखसा घासल्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. आमच्याकडे मुलांवर ओरडण्यास मनाई आहे. नवल म्हणजे भिंगरी शिव्या खात होती आणि तोंडभर हसत होती. मग पुडक्यातून बूट निघाले. "वाढत्या पायाचे घेतलेत. पुढे कापूस कोंब."

भिंगरी बूट वाजवत दारापर्यंत गेली, मावशीला घ्यायला परत आली आणि तिचा हात धरून बाहेर पडली. मला फार बरे वाटले. अहवालात ते घातलेले नाही.

पाहुण्यांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढल्या खेपेस मावशीचे काम आपल्याला मिळावे, असा अर्ज दंतवैद्य बाईंनी जागच्या जागी दिला, आणि तो मंजूर झाला आहे.

भिंगरीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. (विचारणारे आपण पहिलेच.) मावशी आता चौकात मशीन टाकून बसते. गेल्याच आठवड्यात आपण तिच्याकडे पँटची उंची कमी करायला टाकली होती, आणि एक दिवस उशीर झाला म्हणून तिला चार शब्द सुनावलेत. शेजारी स्टुलावर बसून गृहपाठ करत होती, ती भिंगरी. पायात बूट होते, तेव्हा आपले लक्ष गेले नसणार.