फागूजींचा नाका

फागूजी बिसेन पाहुण्याला आधी पाणी विचारत नसत, आधी त्याचं गाठोडं सोडायला लावत. पेरू निघाला, केळं निघालं, तर ते गावाबाहेर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवायला सांगत. "पलीकडचं फळ आपल्या गावात येत नाही. दोन सरकारांचा मामला आहे, बाबू."

पलीकडचं सरकार म्हणजे नाल्यापलीकडचं संस्थान. त्या उन्हाळ्यात संस्थानानं इंग्रजी मुलखातल्या फळांवर बंदी घातली. कारण काय, तर म्हणे आमच्या आंब्यांतून हैज्याची साथ येते. साफ खोटं. दिवाणसाहेबांची स्वतःची अमराई त्या वर्षी लदबदली होती आणि बाजारात दुसऱ्याचा आंबा त्यांना नको होता. प्रजेच्या आरोग्याच्या नावानं आपल्या टोपल्या खपवणाऱ्यांना काय म्हणावं, ते मी पत्रकात छापलंच आहे. राहिलं अलीकडचं सरकार. गोऱ्या साहेबाला आंब्याशी देणंघेणं नव्हतं, म्हणून उलट बंदीचं खातं फागूजींनी एकट्यानं चालवायला घेतलं होतं.

तेव्हा पोलीस माझ्या मागावर होते. गोंदियाच्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मला दारं लावली होती. फागूजींनी माझं गाठोडं सोडलं, आत फळ नाही, नुसती पत्रकं आहेत, एवढं पाहिलं आणि चुलीवर भात चढवला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. त्या भाताचं ऋण माझ्यावर अजून आहे.

गंमत अशी, की संस्थानच्या नाक्यावरचा नाकेदार कोंदूजी हा फागूजींचाच इवाई, लेकीचा सासरा. त्यानं परसातली केळी प्रेमानं धाडली, ती यांनी आल्या पावली परत केली. मी म्हटलं, "अहो, इवायानं पाठवली."

"इवाई त्याच्या घरी. नाक्यावर तो पलीकडचं सरकार होय."

लेक सगुणा पोटुशी होती, पहिलीच खेप. खरं तर माहेरी यायची; पण आई वारलेली, घरात बाईमाणूस नाही, म्हणून सासरीच ठेवली. तिला अन्न टिकत नव्हतं. मागत होती फक्त बापाच्या परसातल्या झाडाचा आंबा. सांगावा आला त्या दिवसापासून फागूजींचं जेवण निम्म्यावर आलं.

मी सुचवलं, "मोहाच्या फुलांखाली दडवून नेऊ. गाडीवान आपला आहे."

"चोरून कायले नेऊ? पोटातल्या लेकराले पहिला घास चोरीचा चारू का?"

"मग दरबारात अर्ज करतो."

"कर. तुझा अर्ज पोहोचेस्तोवर नातवाले मिशा फुटतील."

एका सकाळी त्यांनी बैल जुंपले, मीही गाडीत चढलो. गाडीत आंब्यांची टोपली आणि वर उलटी घातलेली खाट. नाक्यावर रस्त्यात आडवा बांबू होता. त्याच्या हातभर अलीकडे त्यांनी खाट टाकली. कोंदूजी बाहेर आला.

"टोपली इकडे येणार नाही, फागूजी."

"कोण आणून राहिलं? पोरगी इकडे येईल, खाईल, परत जाईल. पोरीवर बंदी आहे का जी?"

"पोरीवर नाही."

"आन् पोटातल्या फळावर?"

कोंदूजीनं हुकूम काढून वाचला. त्यात टोपली होती, गाडी होती, गाठोडं होतं. पोट नव्हतं. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि स्वतः जाऊन सुनेला घेऊन आला. बांबूही त्यानंच धरला, तिला वाकावं लागू नये इतका वर.

सगुणा खाटेवर बसली. फागूजी एकेक आंबा दोन्ही हातांनी मऊ करून तिच्याकडे देत होते.

"आंबट आहे का?"

"नाही, बाबा."

बापलेकीत एवढंच बोलणं झालं. नाकेदाराला सुनावायला मी तोंडपाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. उलट त्यानंच मला सुनावलं, "पत्रकवाले, पाहून काय राहिले? पाणी आणा, बाईचे हात धुवायचे आहेत. रस सरहद्दीपार नको."

ऊन चढलं तशी ती सासऱ्यामागून गेली. मी बैल जुंपले. फागूजी खाटेवरून उठेनात.

"चला, फागूजी."

"तू जा, बाबू. घरी कोण बसलं आहे माझं? पोटुशी बाई, संध्याकाळी पुन्हा खावंसं वाटलं तर?"

सुनेला पोचवून परतलेला कोंदूजी बांबू खाली घेत होता. आमच्याकडे न बघताच तो म्हणाला, "संध्याकाळी नाक्यावर मीच आहे."