आधुनिक बापाचं शेवटचं वाक्य

बाप-लेकाचं भांडण ही मराठी माणसाची अमूल्य ठेव असून ती जतन करणं प्रत्येक सुजाण नागरिकाचं कर्तव्य आहे. याच जाणिवेतून १९९७ साली संगमनेरच्या केबलवाल्या गोरक्षनाथने टीव्हीवरची एक जुनी, गाजलेली विनोदी मालिका आधुनिक स्वरूपात पुन्हा काढायचं ठरवलं. मूळ मालिकेत यज्ञेश्वर मास्तर ऊर्फ अण्णा आणि त्यांचा मुलगा सुहास यांनी आपापल्या नावानेच कामं केली होती. (अभिनय दोघांनाही येत नव्हता. भांडण येत होतं.)

आधुनिकीकरणासाठी समिती बसली: गोरक्षनाथ, त्याचा मेहुणा आणि जाहिरात देणारा फरसाणवाला. एकमताने ठरलं की, आधुनिक बाप मुलाला 'गाढवा' म्हणत नाही, तो त्याचा मित्र असतो. सबब शेवटी अण्णांनी म्हणायचं, "सुहास, तू केलंस ते बरोबरच केलंस," आणि सुहासने म्हणायचं, "थँक्यू, बाबा."

सुहासने केलं होतं ते असं: मालिकेच्या यशाच्या भरात बँकेतली कायमची नोकरी सोडली. पुढे त्याला कुणी विचारलं नाही. सध्या तो व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देई (त्याचं काम असलेली एकही नव्हती) आणि अण्णा त्याच्याशी ताटात मीठ मागण्यापुरतं बोलत. या एका वाक्यासाठी तो फुकट काम करायला तयार झाला.

चित्रीकरणात अण्णा वाक्य बोलले. "थँक्यू, काका," सुहास म्हणाला. पुन्हा घ्यावं लागलं. मग तो शिंकला, मग खोकला. चाळिशीचा घोडा, पण तेवढं वाक्य ऐकायला मुद्दाम चुकत होता.

"सुहासराव, लई झालं! ब्याटरी उतरली," म्हणत गोरक्षनाथने कॅमेरा पेटीत घातला, दिवा मालवला आणि तो चहा सांगायला गेला.

अण्णांनी चष्मा पुसला. "सुहास, तू केलंस ते बरोबरच केलंस."

"अण्णा, कॅमेरा बंद आहे," सुहासने माहिती पुरवली.

"असं होय," म्हणत अण्णा टोपी घालून निघून गेले.

पेटी अण्णांच्या समोरच बंद झाली होती, हे सुहासच्या ध्यानात आलं तेव्हा चहा निवला होता. समितीने वगळलेला शब्द त्याने स्वतःला मोठ्याने म्हणून घेतला.

शेवटी 'थँक्यू, काका' तसंच ठेवलं आणि मालिका तुफान चालली. घरोघर बाप-लेक एका सोफ्यावर बसून, एकमेकांकडे न बघता, त्या वाक्याला खदखदून हसले. तुम्हालाही सुहासचं हसू आलंच असेल. येऊ द्या. तुमचे वडील आतल्या खोलीत जागेच आहेत, पण तिथे कॅमेरा नाही.