चौदा पोती माती

टेम्पोवाल्याने कपाट नेलं, पलंग नेला, फ्रीज नेला. माती मात्र नेली नाही. "सामान ले जाते हैं माताजी, मलबा नहीं," असं म्हणून तो निघून गेला आणि सुमित्राबाईंचा आवाज क्वार्टरच्या रिकाम्या खोल्यांतून घुमू लागला.

"मलबा म्हणाला! एकोणीस वर्षं शेणखत, पालापाचोळा, केळीच्या साली घालून केलेली माती आहे ती. इथे राहायला येणाऱ्या नव्या अलॉटीला आयती देऊ? मी सगळी नेणार."

प्रभाकरराव तीन आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या स्टोअर्समधून रिटायर झाले होते. आज चार वाजता क्वार्टरचा ताबा द्यायचा होता. नवा फ्लॅट टाउनशिपच्या मागच्या गेटपलीकडे, बाग सेवनिया वस्तीत होता. "चौदा पोती. त्यावर एक मूठ नाही," त्यांनी निकाल दिला.

भाचा विजय मदतीला आला. एका बंद पडलेल्या रिसॉर्टची एटीव्ही त्याने हौसेने घेतली होती. जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची बुटकी चारचाकी. तिला त्याने मागे ट्रॉली जोडली आणि पोती ट्रॉलीत पुढच्या अंगाला रचली.

"मामी, टेन्शन नका घेऊ. ही पहाड चढते."

पहाड राहिला दूर, अंगणातून निघतानाच ती मागून बसली. पोत्यांचा सगळा भार जोडावर आला, मागच्या स्प्रिंगा दबल्या, पुढची चाकं हलकी झाली. विजयने हँडल डावीकडे वळवलं की गाडी जरा विचार करून सरळच जायची. मामा-मामी बाजूने चालत होते, आणि दर वळणावर दोघांना हातांनी तिचं तोंड फिरवावं लागत होतं.

गेटवर हवालदार रघुवंशी खाली वाकला, गाडीचा मागचा भाग न्याहाळला आणि हळूच म्हणाला, "साहब, मिट्टी में इतना वज़न? नीचे ताँबा तो नहीं है?"

प्रभाकररावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "तांबं? एकतीस वर्षं माझ्या सहीशिवाय कारखान्यातून एक वॉशर बाहेर गेला नाही! मला तांबं विचारतोस?"

"तो गाड़ी बैठी क्यों है?"

प्रभाकरराव स्वतःच वाकून गाडीखाली बघू लागले. "ऐसी बैठी गाड़ी रोड पर नहीं जाएगी. ठीक करके लाइए," हवालदार म्हणाला. वरात परत क्वार्टरकडे निघाली.

"हे काय रचणं झालं?" अंगणात शिरताच प्रभाकरराव विजयवर उखडले. "माझ्या स्टोअर्समध्ये असा माल लावला असतास तर मेमो दिला असता!"

विजयने पाना घेऊन मागच्या स्प्रिंगांच्या खालच्या कड्या फिरवल्या आणि स्प्रिंगा कडक केल्या. प्रभाकररावांनी बाह्या सरसावून चौदाच्या चौदा पोती नव्याने लावली. बहुतेक भार ट्रॉलीच्या चाकांवर, किंचितच जास्त पुढे. आता गाडी सरळ उभी राहिली. घामाने भिजलेले प्रभाकरराव दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघतच राहिले. नोकरी सुटल्यापासून आज पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी नीट लागलं होतं.

रघुवंशी मात्र यावेळी जास्तच वेळ वाकला. "अब क्यों नहीं बैठी?"

"भार चाकांवर घेतला म्हणून!"

"बोरियाँ उतनी ही, और वज़न ग़ायब?" हवालदाराने मान हलवली. "मतलब सुबह ताँबा था. कहाँ उतारा?"

"अरे, बसली तरी चोर आणि उभी राहिली तरी चोर?" सुमित्राबाई पुढे झाल्या. "घाल सळई! एकेका पोत्यात घाल! आणि गांडूळ मेलं तर बघ!"

त्याने खरोखरच सळई घातली. चौदा पोत्यांतून गांडुळं निघाली, अंड्यांची टरफलं निघाली. तांब्याची तारसुद्धा निघाली नाही. हवालदाराने सळई पुसली आणि हात पुढे केला. "ठीक है. मिट्टी का गेटपास?"

"मातीचा गेटपास?" विजय ओरडला.

"ज़मीन टाउनशिप की, तो मिट्टी भी टाउनशिप की."

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रभाकरराव पोत्यांच्या गाठी तपासू लागले होते.

"अहो, बोला की!"

"नियमाने बरोबर आहे तो," ते पुटपुटले.

मग मात्र सुमित्राबाई ट्रॉलीवरच बसल्या. "लाव फोन तुझ्या साहेबाला! आम्ही आलो तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता. कंपनीचा मुरूम खाली जसाच्या तसा आहे, येऊन मोजून घ्या. वरची माती माझी!"

रघुवंशीने फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी अलॉटमेंटची जुनी फाईल मागवली. वीस मिनिटं पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. अखेर हवालदाराने "जी सर" म्हणत फोन ठेवला आणि गेटचा दांडा वर केला.

"माताजी सही हैं. फाइल में मुरम ही लिखा है," तो अदबीने म्हणाला. "इसलिए साहब का ऑर्डर है, क्वार्टर जैसा मिला था वैसा ही लौटाना है. बची हुई सारी मिट्टी भी चार बजे तक उठानी होगी."

प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं. सव्वादोन वाजले होते. "आणखी किती निघेल?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"चाळीसेक पोती," सुमित्राबाई म्हणाल्या आणि पदर खोचून प्रसन्न चेहऱ्याने खाली उतरल्या. "मी सकाळपासून दुसरं काय सांगत होते?"