बस्त्यावसरांची विहीर

बस्त्यावसर कुणालाही पाठ दाखवत नसत. आमच्या घरून निघाले की चहाचा कप टीपॉयवर ठेवायचे, हात जोडायचे आणि आमच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकत दाराकडे सरकायचे. वाटेत चपलांचं कपाट यायचं, माझी तुळशीची कुंडी यायची, एकदा तर गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस आला. धडकायचे, पण वळायचे नाहीत. माझ्या नवऱ्याने, विलासने, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, यांची पँट मागून उसवलीय.

"नटाने प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही, मॅडम," सर म्हणाले.

"पण इथे प्रेक्षक कोण?"

"तुम्ही बघताय ना? मग झालं."

लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात. हे आत शिरायचे आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे. आठव्या मजल्यावरच्या सरदारजींना वाटायचं, हे आता भाषण करणार.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही शारजात अल मजाजला राहत होतो, खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये. बस्त्याव तुस्कानो मूळचे वसईचे. दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट विभागात होते. दुसऱ्यांची लग्नं, कंपन्यांची डिनर्स, त्यांच्या खुर्च्या, पडदे, दिवे हे त्यांचं काम. राहायला शारजातच, रोला भागात. आमच्या मराठी मंडळाला मुलांचं नाटक बसवायला कुणीतरी हवं होतं. हे स्वतःहून आले आणि म्हणाले, "मला फक्त मुलं द्या. खुर्च्या मी आणतो."

दर शुक्रवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये तालीम असे. मुलांना ते नावाने हाक मारत नसत, भूमिकेच्या नावाने मारत. नाटक संपून वर्ष झालं तरी ती नावं चालूच. भर लुलूसारख्या गर्दीच्या दुकानात, भाजीच्या रांगेत, माझ्या केतकीला आरोळी यायची, "म्हातारी! आईला पिशवी उचलू लागायला काय झालं?" केतकी तेव्हा बारा वर्षांची. घरी येऊन पाय आपटायची. "आई, टेल हिम माय नेम! एव्हरीवन वॉज लुकिंग!"

मी सांगितलं. सर म्हणाले, "नाव आईबापांनी दिलंय. भूमिका तिने मिळवलीय. मोठं काय?"

आणि एक प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. "श्वास कुठे घेणार?" खरं तर तो नटाला विचारायचा प्रश्न. लांब वाक्य आलं की मध्ये कुठे थांबणार, हे आधी ठरवायला लावायचे. पण विलास ऑफिसातलं राजकारण सांगायला लागला की त्यालाही, "साहेब, श्वास कुठे घेणार?" पठाण टॅक्सीवाला ट्रॅफिकला शिव्या द्यायला लागला की, "खान, साँस किधर लेगा?" तो बिचारा खरंच गप्प व्हायचा.

मग रोहन गेला. रोहन आमच्या ग्रुपमधला सगळ्यांत चांगला नट. त्याच्या वडिलांची बदली नैरोबीला झाली. आखातात हे नेहमीचंच. कुणाचा व्हिसा संपतो, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट, आणि बाकावरचं एक मूल नाहीसं होतं. आम्ही म्हटलं, त्याच्या जागी दुसरा घ्या. सर ऐकेनात.

"रोहन मेला नाही, लांब उभा आहे. आपण जरा जोरात बोलू."

त्यातून पुढचं सगळं झालं. विलासच्या ऑफिसातल्या स्पीकरफोनवर तीन ठिकाणची माणसं एकदम बोलू शकत. त्याच्या साहेबांनी शुक्रवारी तो वापरायची परवानगी दिली. शारजातून आमची मुलं. नैरोबीहून रोहन आणि त्याच्या वर्गातली वांजिरू नावाची मुलगी. आणि तिसरीकडे वसई. तिथे सरांची बहीण फ्लोरीबाई शाळेत शिकवायची आणि तिच्या घरी चर्चच्या युवक मंडळातली पोरं जमायची. असं ठरलं की तिन्ही देशांतल्या मुलांनी मिळून एक नाटक लिहायचं आणि बसवायचं.

नाटक पाण्यावर ठरलं, कारण वसईची पोरं दुसरं काही बोलेचनात. त्यांच्या विहिरींतून टँकर भरून जात होते आणि विहिरी खाली बसत चालल्या होत्या. मग गोष्ट अशी जमली. गावातली एक विहीर एके दिवशी उठते आणि जगभर हिंडायला निघते. ज्याने तिचं पाणी प्यायलं आणि जो गाव सोडून गेला, अशा प्रत्येकाचं दार वाजवते आणि विचारते, "तुला माझी चव आठवते का?" शारजाच्या मुलांनी शारजाचं उत्तर लिहायचं, नैरोबीच्या मुलांनी नैरोबीचं. वांजिरूने पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीचा प्रवेश लिहिला आणि त्यातली मराठी वाक्यं रोहनकडून पाठ केली. तिचा 'ळ' आमच्या केतकीपेक्षा चांगला होता. सरांनी हे केतकीला दर शुक्रवारी ऐकवलं.

विहीर वसईची होती. फोनवर एका मुलीचा आवाज, जरा खरखरीत, पण शब्दन् शब्द स्वच्छ. सर तिला अर्थातच 'विहीर' म्हणायचे. इतरांशी ते थट्टा करायचे. विहिरीशी कधीच नाही. तिच्या प्रत्येक वाक्याला चूक काढायचे. पुन्हा. पुन्हा. ती शांतपणे पुन्हा म्हणायची. "हो सर." "नाही सर." त्यापलीकडे बोलायची नाही. मला तिची दया यायची. एकदा मी म्हटलंही, "अहो, एवढी चांगली करतेय. एकदा तरी शाबास म्हणा."

"म्हणेन," ते म्हणाले आणि आधीच सरळ असलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करायला लागले.

शेवट कसा करायचा यावर तिन्ही देशांत भांडण झालं. आमची मुलं म्हणाली, विहीर शारजातच राहते, कारण इथे एसी आहे. नैरोबी म्हणालं, ती नदी होते. मग विहिरीने स्वतः लिहिलेला शेवट फोनवर वाचून दाखवला. गाव सोडून गेलेल्या माणसाला ती म्हणते, "तू गेलास म्हणून मी आटले नाही. माझं पाणी कसं आहे हे तू विचारलं नाहीस, म्हणून आटले."

नैरोबीकडून नुसती खरखर. सर फोनच्या डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वाक्य मोठं आहे. श्वास कुठे घेणार?"

"घेणार नाही सर," तिकडून उत्तर आलं. "एका दमात म्हणणार."

तो शेवट ठरला.

प्रयोग शारजात करायचा होता. वसईचा आणि नैरोबीचा भाग कॅसेटवर ऐकवायचा, अशी मूळ कल्पना. पण मंडळातल्या लोकांना उत्साह आला. त्यांचं म्हणणं, वसईची मुलं तरी आणूच. व्हिसाची सोय होईल, मुलं आमच्या घरी राहतील. आम्हाला वाटलं सर नाचतील. त्यांनी साफ नकार दिला.

"आवाज पुरे आहे."

"अहो पण पोरांना किती आनंद होईल!"

"आवाज पुरे आहे म्हटलं ना!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चिडलेलं पाहिलं. मिटिंगमधून उठून गेले. पुढच्या शुक्रवारी तालमीला आले, पण त्या विषयावर एक शब्द नाही. विलास म्हणाला, "कलाकार लोक असेच." आम्ही त्यांच्या नकाराकडे लक्ष न देता व्हिसे काढले.

वसईची मंडळी दुपारच्या विमानाने आली. दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांना घेऊन आलेली फ्लोरीबाई. मी, विलास, केतकी विमानतळावर फुलं घेऊन उभे. सरही आले होते, पण रेलिंगपासून लांब, एका खांबाला टेकून. मुलगी सोळा-सतराची, उंच, सावळी, केसांची घट्ट वेणी. तिला पाहिलं आणि मी खांबाकडे पाहिलं. तेच कपाळ, तीच पुढे आलेली हनुवटी. ती सरळ त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, "नमस्कार सर."

"प्रवास बरा झाला?" सरांनी विचारलं.

फ्लोरीबाईने ट्रॉली सोडली. "बस्त्याव," ती म्हणाली, "अरे, पोरगी आहे तुझी. जवळ तरी घे."

त्यांनी हात पुढे केला. मुलीने त्या हातात आपली बॅग दिली.

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता फ्लोरीबाईने सगळं सांगितलं. मुलीचं नाव जेसिंता. सर इथे असताना त्यांची बायको मेरी तापाने आजारी पडली आणि बघता बघता गेली. सर पोचले ते तिला पुरल्यानंतर. जेसिंता तेव्हा लहान होती. तिने दफनाच्या वेळी दाराकडे डोळे लावले होते. नंतर बाप आला, महिनाभर राहिला, परत गेला. त्यानंतर ती फोनवर आलीच नाही. रिसीव्हर आत्याच्या हातात द्यायची आणि बाहेर जायची. वर्षानुवर्षं.

"मग नाटक निघालं," फ्लोरीबाई म्हणाली. "पोरीला नाटकाचं वेड. बापाशी बोलायची नाही, पण सरांशी बोलायची. दर शुक्रवारी न्हाऊन, वेणी घालून फोनपाशी बसायची हो, जसं काही तिकडून दिसणार आहे. आणि हा त्या पोरीला तीच वाक्यं परत परत म्हणायला लावायचा. मी एकदा ओरडले त्याच्यावर. तर म्हणतो, फ्लोरी, चूक काढली नाही तर ती फोन ठेवेल गं."



प्रयोग चांगला झाला. नैरोबीच्या मुलांनी पाठवलेली व्हिडिओ टेप पांढऱ्या पडद्यावर दाखवायची होती, ती ऐनवेळी अडकली. विहिरीने प्रश्न विचारला आणि पडदा काळाच. जेसिंता डगमगली नाही. पडद्याकडे कान लावून उभी राहिली, जणू फार लांबून उत्तर यायचंय. मग वांजिरू दिसली, बोलली, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शेवटचं वाक्य तिने खरंच एका दमात म्हटलं. मी विंगेत बघितलं. सर पडद्याची दोरी धरून उभे होते. पडदा पाडायला त्यांना उशीर झाला.

नंतर जेवणं झाली, फोटो झाले. बाप-लेक एका फोटोत शेजारी उभे राहिले, मधे केतकीला घेऊन.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी सर मुलांना शारजा दाखवायला आले. म्युझियम, सूक म्हणजे तिथला बाजार, खाडी, सगळं ठरवून आले होते. जेसिंता म्हणाली, "मला तुमची खोली बघायचीय."

"तिथे काय बघायचंय? सूक बघ. सोनं बघ."

"खोली."

सर माझ्याकडे बघायला लागले. आमच्यापैकी कुणीच कधी त्यांच्याकडे गेलं नव्हतं. ते बोलावत नसत. "मॅडम, बॅचलर लोक राहतात तिथे. लेडीजना बरं नाही दिसणार."

"मी सोडते," मी म्हटलं. "मीही येते."

रोलाला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती खोली होती. दोन मजली लोखंडी पलंग, एकावर एक. प्रत्येक पलंगाला दोरीवर लुंगी नाही तर चादर लावून केलेला आडोसा. सरांचा पलंग खालचा, खिडकीजवळचा. पायथ्याशी एक बॅग, खिळ्याला इस्त्री केलेला काळा कोट. कोपऱ्यात भात शिजत होता. खोलीतली केरळची, आंध्राची माणसं आम्हाला बघून गडबडीने उठली, शर्ट घालायला लागली.

जेसिंता दारातच थांबली. मग आत जाऊन तिने पलंगावरून हात फिरवला.

"तुम्ही फोटो पाठवायचात तो?" तिने विचारलं. "झुंबराखालचा? तो लाल गालिचा?"

"ते हॉटेल."

"मला वाटायचं तुम्ही तिथे राहता. मी मैत्रिणींना तसंच सांगायचे. मला वाटायचं, एवढं छान घर आहे, म्हणून येत नाहीत."

"तिथे मी उभा राहतो फक्त," सर म्हणाले.

ती पलंगावर बसली. वरच्या पलंगाची पट्टी डोक्याला लागेल म्हणून सरांनी पटकन तिच्या डोक्यावर हात धरला. तो हात त्यांनी काढला नाही.

"आई गेली तेव्हा का नाही आलात?"

"पासपोर्ट कंपनीकडे जमा, मॅनेजरच्या कपाटात बंद होता. मॅनेजर सुट्टीवर. मी त्याच्या दाराबाहेर बसून राहिलो गं."

"मला सांगितलं का नाही?"

"तेव्हा तू लहान होतीस. नंतर फोनवर येत नव्हतीस."

मग तिने पायांतले बूट काढले, पलंगाखाली सारले आणि पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसली, बराच वेळ बसायचं असल्यासारखी. "आईविषयी सांगा," ती म्हणाली. "फोनवर तुमच्याशी काय बोलायची ती, ते."

मी हळूच दार ओढून घेतलं. वळून बघते तर खोलीतली सगळी माणसं माझ्या आधीच जिना उतरत होती. कुणी कुणाला खूण केली मला कळलं नाही. खाली इमारतीच्या सावलीत ती रांगेने उभी राहिली. एकजण नाईट ड्यूटी करून नुकताच झोपलेला, लुंगी आणि बनियनवर, उशी काखेत धरूनच खाली आलेला. डोळे लाल.

मी त्याला म्हटलं, "आप मेरी गाडी में सो जाइए. एसी लगा देती हूँ."

त्याने उशी पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. "नहीं मॅडम," तो म्हणाला. "आराम से बात करने दो उनको. आज सबकी छुट्टी है."